छोट्या स्पोर्ट्स कारला मागाहून टर्बो बसवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

मुंबईतल्या कोणत्याही शोरूममध्ये आज एक लिटर इंजिनाची गाडीसुद्धा 'टर्बो' म्हणून दाखवली जाते. यामागे तंत्रज्ञानाइतकाच कराचाही हात आहे. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, त्यामुळे छोट्या इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद काढण्यात कंपन्यांचा उघड फायदा आहे. त्यातून एक प्रश्न वारंवार विचारला जातो: हजार सीसीच्या हॅचबॅकला टर्बो पेलवतो, तर आपण हौसेने सांभाळलेल्या छोट्या, हलक्या स्पोर्ट्स कारला तो मागाहून बसवायला काय हरकत आहे?

बसवता येतो, आणि जगभर लोक बसवतात. मात्र टर्बो हा त्या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. खरे काम टर्बोने आत ढकललेली हवा, तिच्याबरोबर लागणारे पेट्रोल आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता सांभाळण्याचे असते, आणि ते काम अर्धवट राहिले की इंजिन खोलावे लागते.

उदाहरणासाठी १९८९ मध्ये बाजारात आलेली मझदा एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी घेऊ. भारतात ती कंपनीने कधी विकली नाही आणि मझदा हे नाव आपल्याकडे बहुतेकांना स्वराज मझदाच्या टेम्पोमुळेच माहीत आहे, पण मागाहून टर्बो बसवण्याच्या बाबतीत जगात हिच्याइतकी हाताळली गेलेली छोटी स्पोर्ट्स कार विरळाच. तिच्या पहिल्या पिढीचे १.६ लिटरचे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्ती देत असे.

ताकद पेट्रोलची की हवेची?

इंजिनात पेट्रोल जळते म्हणून ताकद पेट्रोलची, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती अशी की पेट्रोल हवे तितके ओतता येते. अडते ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. १.६ लिटरचे इंजिन दर दोन फेऱ्यांमध्ये जास्तीत जास्त १.६ लिटर हवा ओढू शकते, म्हणजे मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर ४,८०० लिटर, आणि तीही फिल्टर, पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्या अडथळ्यांमुळे पूर्ण मिळत नाही. या हवेला पुरेल इतके पेट्रोल म्हणजे पूर्ण ॲक्सिलरेटरवर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास. ताकद वाढवायची तर इंजिन मोठे करावे, ते जास्त वेगाने फिरवावे किंवा तेवढ्याच जागेत जास्त हवा दाबून भरावी. टर्बो हा तिसरा मार्ग आहे.

टर्बोमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका पंख्याला फिरवतो आणि दुसरा पंखा बाहेरची हवा खेचून, दाबून इंजिनात पाठवतो. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या सहज घेतो, छोट्या टर्बोत दोन लाखांच्याही पुढे जातो. वातावरणाच्या दाबावर टर्बोने जो जादा दाब चढवलेला असतो, त्याला बूस्ट म्हणतात. वातावरणाचा दाब साधारण एक बार असतो, म्हणून अर्धा बार बूस्ट दिला तर कागदावर दीडपट हवा आत जाते आणि ११५ ची अश्वशक्ती १७० च्या पुढे जायला हवी. प्रत्यक्षात ती तेवढी जात नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मझदाच्या विक्रेत्यांमार्फत याच गाडीची टर्बो बसवलेली आवृत्ती वॉरंटीसह मिळत असे आणि तिची ताकद १५० अश्वशक्ती होती. वॉरंटी देणारा माणूस कुठे थांबतो, हे पाहून ठेवण्यासारखे आहे.

मधला फरक कुठे जातो?

उष्णतेत. सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावला तर ते तापलेले लागते. हवा दाबली की ती तापते आणि टर्बोतही नेमके हेच होते. मुंबईत बाहेरचे तापमान ३० अंश असताना हवेवर अर्धा बार बूस्ट चढवला, तर साधारण ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून ती ८० अंशांच्या वर तापून बाहेर पडते. तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी मावते, आणि ज्या कारणासाठी टर्बो बसवला त्याचाच काही भाग वाया जातो. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात. तो रेडिएटरसारखाच असतो. फक्त त्याच्या आतून पाण्याऐवजी दाबलेली हवा जाते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होते.

इथे मुंबईचा संबंध येतो. इंटरकूलर वाऱ्यावर चालतो आणि वारा गाडी पळते तेव्हाच मिळतो. अंधेरीच्या सिग्नलवर दहा मिनिटे अडकलेल्या गाडीत इंटरकूलरच्या मागे रेडिएटर तापलेला, त्याच्या मागे इंजिन आणि बॉनेटखाली टर्बोची लालबुंद होऊ शकणारी बाजू, अशी स्थिती असते. धुराचे तापमान जोरात चालवताना ८०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. सिग्नल सुटल्यावर पहिल्या काही सेकंदांत इंजिनात जाते ती हवा इंटरकूलरने थंड केलेली नसते, उलट त्याने साठवलेल्या उष्णतेने आणखी तापलेली असते. शिवाय शहर समुद्रसपाटीला असल्याने विरळ हवेची भरपाई हा टर्बोचा डोंगराळ भागातला मोठा गुण इथे कामाला येत नाही, आणि पावसाळी दमट हवेत तीन-साडेतीन टक्के जागा पाण्याच्या वाफेनेच अडवलेली असते. ही वाफ नॉकिंग (त्याविषयी पुढे) किंचित कमी करते, तेवढेच एक समाधान.

नॉकिंग म्हणजे काय, आणि सगळे त्यालाच का घाबरतात?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टन दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत प्लगपासून कडेपर्यंत पसरत जाते. हे सगळे क्रमाने घडले तर पिस्टनवर भरदार पण सलग ढकल बसते. पण मिश्रण आधीच फार तापलेले आणि दाबलेले असेल, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच कडेचे मिश्रण आपोआप पेटते आणि आत दाबाच्या लाटा आदळू लागतात. याला नॉकिंग म्हणतात. सौम्य असेल तेव्हा पत्र्याच्या डब्यात खडे वाजल्यासारखी टिकटिक ऐकू येते. टर्बोच्या गाडीत, मोठ्या एक्झॉस्टच्या आवाजात, ती अनेकदा ऐकूही येत नाही.

मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा ज्वलन होते. नॉकिंग सेकंदभर जरी चालू राहिले तरी ५० घाव बसले. पिस्टनच्या माथ्यावर एरवी वायूचा एक पातळ, संथ थर असतो आणि तो धातूला उष्णतेपासून वाचवतो. दाबाच्या लाटांनी तो थर उडतो, पिस्टनची कड झिजते, रिंग बसण्याच्या खाचांमधला धातू तुटतो आणि शेवटी पिस्टनला भोक पडते. 'टर्बोने इंजिन उडाले' असे जे ऐकायला मिळते, त्यातली बरीच इंजिने नॉकिंगने उडालेली असतात; टर्बो बिचारा अनेकदा शाबूत निघतो.

ही धास्ती नवी नाही. टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांच्या १९०५ च्या पेटंटइतकी जुनी आहे, पण सर्वसामान्य ग्राहकासाठी टर्बो गाड्या आल्या त्या अमेरिकेत १९६२ मध्ये. त्यांतल्या ओल्ड्समोबिल जेटफायरच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण कितीपट दाबतो ते गुणोत्तर, चांगला चढा होता. त्यामुळे नॉकिंग टाळण्यासाठी बूस्टच्या वेळी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण आत सोडावे लागे. त्याची वेगळी टाकी होती, ती रिकामी झाली की बूस्ट कमी केला जाई, आणि ग्राहक ती भरायलाच विसरत.

किटच्या खोक्यात काय असते, आणि काय नसते?

खोक्यात साधारणपणे टर्बो, तो इंजिनाला जोडणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पुढचा जाड पाइप, इंटरकूलर आणि त्याचे पाइप, वेस्टगेट आणि तेलाच्या नळ्या असतात. वेस्टगेट म्हणजे ठरलेला बूस्ट झाला की उरलेला धूर पंख्याला वळसा घालून बाहेर सोडणारी झडप. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच 'फिस्स' असा आवाज करणारा व्हॉल्व्हही असतो आणि रात्री मरीन ड्राइव्हवर ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वाटते की काही जण किट घेतात ते मुख्यतः त्याच्यासाठी.

तेलाच्या परतीच्या नळीकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून ती जवळून पाहू. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल इंजिनातून बारीक नळीने दाबाखाली येते, पण बेअरिंगमधून बाहेर पडते तेव्हा त्याला काही दाब उरलेला नसतो; ते फेसाळलेले असते आणि केवळ उतारावरून खाली वाहत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यात, जाते. त्यामुळे परतीची नळी चांगली जाड हवी, तिला सलग उतार हवा, मध्ये कुठेही पोट सुटलेले नको, आणि ती चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर शिरायला हवी. त्यासाठी चेंबर खाली उतरवून त्याला भोक पाडावे लागते आणि तिथे जोड वेल्ड करावा लागतो. चेंबर न उतरवता ग्रीस लावून ड्रिल मारणारे मेकॅनिक आहेत. धातूचा बारीक कीस ग्रीसला चिकटतो, असा त्यांचा भरवसा असतो. नळीला उतार नसला तर तेल टर्बोत तुंबते, सीलमधून गळते आणि गाडी निळा धूर सोडू लागते. मग नवाकोरा टर्बो 'खराब निघाला' म्हणून बदलला जातो, आणि दुसराही तसाच निघतो.

खोक्यात पुष्कळदा नसते ते या कामाचे मर्म, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी यांचे नवे गणित. हवा दीडपट झाली तर मिनिटाला अर्ध्या लिटरऐवजी पाऊण लिटर पेट्रोल पोहोचले पाहिजे; त्यासाठी मोठे इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे भाग, लागतात आणि कधी पंपही. बूस्टखाली मिश्रण मुद्दाम जरा पेट्रोलकडे झुकते ठेवतात, एका भाग पेट्रोलला १४.७ ऐवजी १२ भागांच्या आसपास हवा, कारण जादा पेट्रोल आत थंडावा देते. ठिणगीही थोडी उशिरा पाडावी लागते. हे सगळे ठरवणारा गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, मूळ इंजिनासाठी लिहिलेला असतो. पहिल्या एमएक्स-५ मध्ये येणारी हवा एका झडपेच्या मीटरने मोजली जात असे. हवा वाढली की झडप उघडत जाई, आणि एकदा ती पूर्ण उघडली की पुढे कितीही हवा आली तरी ईसीयूला तेवढीच दिसे. त्या इंजिनाला नॉकिंग ओळखणारा सेन्सरही नव्हता. अशा गाडीत जुन्या ईसीयूवर टर्बो लादणे म्हणजे नेमक्या धोक्याच्या क्षणी इंजिन उपाशी ठेवणे. म्हणून स्वतंत्र, नव्याने लिहिता येणारा ईसीयू आणि धुरातल्या ऑक्सिजनचे अचूक मोजमाप करणारा वाइडबँड सेन्सर यांवर आधी खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना टर्बो मिळून जाईल. ईसीयूचे गणित बसवणारा चांगला ट्यूनर भंगारात मिळत नाही.

'कंपन्या छोट्या इंजिनाला टर्बो लावतात, मग आपण का नाही?'

कंपनी टर्बो लावते ते इंजिन पहिल्या रेषेपासून टर्बोसाठी आखलेले असते. त्याचा कॉम्प्रेशन रेशो त्याच हिशेबाने ठरवलेला असतो, अनेकांत पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची धार सोडून त्याला थंड ठेवतात, आणि नॉकिंगची चाहूल लागताच ईसीयू ठिणगी उशिरा पाडू लागतो. टर्बोविना जास्तीत जास्त ताकद काढायला बनवलेल्या स्पोर्ट्स कारचा कॉम्प्रेशन रेशो याच्या उलट चढा असतो. टोयोटा जीटी८६ मध्ये तो १२.५ आहे, जुन्या एमएक्स-५ मध्ये ९.४ होता. आधीच साडेबारा पट दाबणाऱ्या इंजिनात वरून दाबलेली हवा घालायची असेल, तर बूस्ट फारच कमी ठेवावा लागतो किंवा पिस्टन बदलावे लागतात. जुनी, साधी इंजिने टर्बोसाठी लोकप्रिय का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

'डिझेल गाड्यांना तर किती वर्षे टर्बो आहे!'

डिझेल इंजिनात पिस्टन दाबतो ती नुसती हवा असते. इंधन अगदी शेवटी आत सोडले जाते आणि ते आपोआप पेटावे हीच अपेक्षा असते. पेट्रोल इंजिनातले नॉकिंग तिथे उद्भवण्याचा प्रश्नच नाही. स्कॉर्पिओवरून एमएक्स-५ चा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

'शंभर ऑक्टेनचे पेट्रोल टाकले की झाले ना?'

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोल आपोआप पेटण्याला किती विरोध करते त्याचे माप. साधे पेट्रोल पूर्वी ९१ चे असे, २० टक्के इथेनॉल मिसळलेले आताचे ९५ च्या आसपास असते. त्यावर १०० चेही मुंबईत काही ठरावीक पंपांवर मिळते. १०० चे पेट्रोल साध्याच्या जवळपास दीडपट भावाचे असते. त्याने नॉकिंगची मर्यादा खरोखर वर सरकते, पण ती सवलत ठिणगी आणि बूस्ट यांचे गणित त्या पेट्रोलवर बसवले तरच उपयोगी, आणि एकदा बसवले की गाडी त्याच पेट्रोलशी बांधली गेली. खोपोलीच्या पुढे टाकी रिकामी झाली आणि पंपावर साधेच मिळाले तर काय करणार, हे आधी ठरवावे. शहाणा ट्यूनर दोन वेगळी गणिते ठेवतो किंवा वाईटातले वाईट पेट्रोल गृहीत धरतो.

२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा मुद्दा वेगळा आहे. इथेनॉल जळताना हवा कमी लागते, त्यामुळे तेवढ्याच हवेला निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सुमारे सात टक्के जास्त इंधन द्यावे लागते. संथ चालताना ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर, म्हणजे बूस्टच्याच वेळी, बऱ्याच जुन्या गाड्या सेन्सरकडे न पाहता लिहून ठेवलेल्या आकड्यांवर चालतात. परदेशात तयार झालेले गणित जसेच्या तसे उतरवून घेतले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडण्याची शक्यता असते. इथेनॉलची बाजू घ्यायची तर ते आत थंडावा देते आणि नॉकिंगला विरोध करते, तेव्हा गणित इथल्या इंधनावर बसवले तर ते मदतच करते. तीस वर्षे जुन्या रबरी नळ्या मात्र आधी बदलाव्यात.

'सीएनजी किट चालते, मग टर्बो किट का नाही?'

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी किट यातून सुटते, कारण त्या किटांची तपासणी आणि मंजुरी झालेली असते आणि बदलाची नोंद आरसी बुकात होते. बाजारातली टर्बो किट अशा मंजुरीशिवाय येतात. पीयूसी मिळाली म्हणजे गाडी कायद्यात बसली, हा समज चुकीचा आहे. ती तपासणी धुरापुरतीच असते. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, आणि ताकद वाढवलेल्या गाडीच्या बाबतीत तसे ती करेलच असे धरून चालावे.

त्यामुळे रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला हे करू नये. चेन्नई आणि कोइम्बतूरचे ट्रॅक किंवा लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यती यांच्यासाठी गाडी ट्रकवर लादून नेणाऱ्यासाठीच पुढचा विचार आहे. तसेही स्वामी विवेकानंद रोडवर इंजिन अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या वर जाण्याची संधी कितीदा मिळते? मागाहून बसवलेले बहुतेक टर्बो त्याखाली काही करत नाहीत.

'डायनोवर तर सगळे ठीक होते'

डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजण्याचे रोलर. त्यावरची एक धाव दहा-पंधरा सेकंदांची असते आणि समोर मोठा पंखा लावलेला असतो. ट्रॅकवरच्या फेऱ्यांत बूस्ट पुन्हा पुन्हा, मिनिटामिनिटाने लागतो आणि पाणी, तेल, इंटरकूलर सगळेच हळूहळू तापत जाते. म्हणून गणित शेवटच्या काही टक्के ताकदीसाठी ताणू नये. ट्रॅकवर फेऱ्या संपल्यावर लगेच चावी फिरवू नये, इंजिन मिनिट-दोन मिनिटे संथ चालू द्यावे. नाहीतर थांबलेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून बेअरिंगवर काजळी धरते. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी: थंड हवेसाठी एअर फिल्टर बंपरच्या मागे खाली बसवलेला असेल, तर साचलेल्या पाण्यातून नेताना इंजिन सरळ पाणीच ओढते, पाणी दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मिलन सबवेच्या बाजूने गाडी गॅरेजला न्यायची असेल तर हवामानाचा अंदाज पाहून निघावे.

ज्याला हे काम करायचेच आहे त्याने किट मागवण्याआधी इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची तपासणी, करून घ्यावी, आणि चारही सिलिंडरचे आकडे स्वतः उभे राहून पाहावेत. एक जरी आकडा बाकीच्यांपेक्षा लक्षणीय कमी असला, तर टर्बोचे पैसे आधी त्या इंजिनाच्या कामाला लागणार आहेत. इंजिन निरोगी निघाले तर क्रम असा ठेवावा: रेडिएटर आणि नळ्या, मग ईसीयू आणि वाइडबँड, गाडी काही दिवस टर्बोविनाच नव्या ईसीयूवर चालवून पाहणे, त्यानंतर इंजेक्टर, क्लच आणि ब्रेक, आणि शेवटी टर्बो, वेस्टगेटच्या सर्वांत नरम स्प्रिंगवर, म्हणजे सर्वांत कमी बूस्टवर. बूस्ट वाढवण्याचा मोह पहिल्याच दिवशी होतो. तेव्हा वाइडबँडचा आकडा, इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान आणि तेलाचा दाब यांची नोंद ट्यूनरकडून मागून घ्यावी. ती द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून गाडी परत आणावी.